शेंगा म्हणजे

रात्री सव्वाअकरा. मी मागावर,
अर्धा टॉवेल विणून झालेला.
पद्मजाचा फोन :
हर्षूच्या ओठाला काहीतरी व्हालंय.

खालचा ओठ. मग वरचा.
मग मानेवर गांधी, रुपयाएवढ्या.
सव्वा वर्षाची पोर. गल्लीतल्या बारशाला
कुणीतरी दह्यात बोट बुडवून
चटणी लावली जिभेला. बघू दे की चव, म्हणाले.
वाईट कुणाच्याच मनात नव्हतं.
सोलापुरात ती चटणी मागावी लागत नाही,
मिठासारखी येते ताटात.

बोटाला कापसाची बुंद. तशाच बोटानं लिहिलं :
शेंगाची चटणी खाल्ल्यावर बाळाचा ओठ सुजतो का?

उत्तर लगेच. शुद्ध. एकही काना-मात्रा चुकलेली नाही.
शेंगभाज्या बाळांसाठी सहसा सुरक्षित असतात.
शेवग्याच्या शेंगांत भरपूर लोह असते.
तिखटामुळे ओठांची आग होणे स्वाभाविक आहे.
थंड पाण्याची पट्टी ठेवा. काळजी करू नका.

मी ते पद्मजाला वाचून दाखवलं.
मीच. माझ्या आवाजात.
तिनं पट्टी भिजवली.

सात मिनिटं.

याकूब जॉबर तेल घालत आला, खांद्यावरून वाकून बघितलं :
अरे शेवगा काय वाचालायस?
त्याला काय ठाऊक आपल्या शेंगा. भुईमूग लिही, भुईमूग.

लिहिलं.
आणि तेच यंत्र, तोच पडदा, वेगळंच बोलायला लागलं :
श्वासाकडे लक्ष द्या. आत्ता रुग्णालयात न्या.
घरगुती उपाय करत थांबू नका.

हे उत्तर बरोबर होतं. उगाच खोटं कशाला बोलू.
पहिलंही इतक्याच खात्रीनं आलं होतं,
इतक्याच गोड.

तोवर पद्मजा निघालीच होती,
ना मला विचारून, ना त्याला.
हर्षूचा आवाज बसायला लागल्यावर
शेजारचा गुरुसिद्ध रिक्षा काढून उभा.
मी सिव्हिलला पोचलो तेव्हा
मांडीत सुई देऊन झाली होती
आणि पोर रडत होती, मोठ्यानं, छान.

डॉक्टर कलशेट्टी बाईंनी विचारलं : सुरुवात किती वाजता?
सव्वाअकरा.
मग इतका वेळ?
ट्रॅफिक होतं, मी म्हणालो.
बाईंनी खिडकीबाहेर बघितलं.
रस्त्यावर एक कुत्रं होतं.
कागदावर काहीतरी लिहिलं त्यांनी, पुढचं विचारलं नाही.

आमच्या मागाला एक गुण आहे.
बाण्याचा धागा तुटला की खाटकन थांबतो.
पुढं रिकामं विणत नाही.
माणूस येऊन गाठ मारेपर्यंत गप्प उभा राहतो,
चुकलो म्हणायचीही गरज नाही त्याला.

दुसऱ्या दिवशी मी त्याला शिकवायला बसलो.
सोलापुरात शेंगा म्हणजे भुईमूग.
दाणे म्हणजेही तेच. कूट म्हणजेही तेच,
कूट म्हणजे कोडं नव्हे.
तो म्हणाला : आपले अगदी बरोबर आहे,
ही मोलाची माहिती दिल्याबद्दल आभार.
मला बरं वाटलं, खरंच. शाळेतल्या पोराला पाढा आल्यासारखं.

परवा नवीन पान उघडून परत विचारलं, मुद्दाम.

शेवगा.

आता घरात जवसाची चटणी.
ताईकडची तपासणी पुढच्या महिन्यात, पुण्याला,
तोवर पद्मजानं एक पुठ्ठा केलाय, हर्षूच्या झबल्याला
टाचणीनं लावायचा, कुठं जेवायला गेलं की.
मराठीत तिनं लिहिलं, तेलुगूत माझ्या आईनं,
कन्नड गुरुसिद्धनं, उर्दू याकूबनं.
चार जणांनी चार वेळा विचारलं तिला,
शेंगा म्हणजे त्याच ना, चटणीच्या?
त्याच, म्हणाली ती चारी वेळा.
मगच लिहू दिलं.