डबल गाठ

या गावाचं नाव नॉर्मल.
इलिनॉयच्या सपाट मक्यात,
नकाशावर खरंच असं लिहिलंय.
नव्याने आलेल्याला सगळे हाच विनोद ऐकवतात.
मीही आता ऐकवते.

ऑगस्टच्या मध्यावर, मका डोक्याच्या वर गेलेला,
ऋजुता पिवळ्या बसच्या पहिल्या पायरीला
दोन्ही हात टेकवून चढली, शिडी चढावी तशी.
मागून पाहिलं तर दप्तरालाच दोन पाय फुटलेले.
तिनं वळून पाहिलं नाही.
बस कोपऱ्यावरून गेली तरी मी हात हलवत होते;
समोरच्या मिस्टर क्लेमना वाटलं, त्यांनाच.
त्यांनीही हलवला.

पहिला आठवडा डबा तसाच परत.
भाजी आवडली नाही म्हणून नव्हे,
झाकण उघडत नव्हतं.
मग रोज रात्री जेवणं झाल्यावर तालीम:
उघड, लाव, उघड, लाव,
खालचा ओठ दाताखाली,
आणि निरंजन भांडी विसळताना मोठ्याने सेकंद मोजतोय.

मांडी घालणं तिला येतच होतं.
इथे त्यासाठी सफरचंदाच्या गराचं एक यमक आहे,
ते म्हटलं की एकवीस मुलं गालिच्यावर बसतात,
निदान बसायला बघतात.
"आई," ती म्हणाली, "यांना हे आत्ता शिकवतायत."

दुसऱ्या आठवड्यातल्या मंगळवारी
दप्तरात गाठ मारलेली एक पिशवी,
आत तिची निळी लेगिंग, ओली.
अंगावर कुणाची तरी राखाडी पँट,
गुडघ्यावर डायनासोर.
मी काही विचारलं नाही. वरणभात कालवला.
तिसऱ्या घासाला तीच म्हणाली,
"मी सांगितलं होतं टीचरना. शू आली, शू.
दोनदा सांगितलं.
त्यांनी माझ्या बुटाची नाडी बांधली.
मग दुसऱ्या बुटाचीपण बांधली.
डबल गाठ."

मला हसू आलं. ते लपवायला
मी कुकर उघडायला गेले,
आणि कुकरसमोर उभं राहिल्यावर
त्या हसण्याचं दुसरंच काही होत गेलं.
पाच वर्षं घरात एवढं एक अक्षर पुरलं होतं.
अर्धवट झोपेत पुटपुटली तरी
दोन माणसं धडपडत उठायची.
रंग शिकवले मी तिला त्यांच्या भाषेत,
शंभरापर्यंत आकडे, षटकोन,
घराचा पत्ता, झिप कोडसकट.
हे राहिलं.

मिसेस हॅबरकॉर्नना चिठ्ठी पाठवली.
त्यांचं उत्तर आलं, तीनदा माफी मागितलेलं,
आणि शेवटी एक ओळ:
नाड्या दोन्ही सुटलेल्या होत्या, एवढं मात्र खरं.

पालकसभेला गेले तेव्हा त्यांच्या टेबलाच्या कडेला
पिवळ्या कागदांची रांग चिकटवलेली दिसली.
डिलेनीला शेंगदाणे चालत नाहीत.
जुळ्यांपैकी ज्याच्या कानावर तीळ, तो ओवेन.
त्याखाली, गोल अक्षरात,
ऋजुताची शू म्हणजे बूट नव्हे.
मी तिथे जरा जास्त वेळ उभी राहिले असेन,
मागच्या बाईंना खाकरावं लागलं.

तोवर ऋजुताला त्या कागदाची गरज उरली नव्हती.
वर्गात एक खूण असते,
बोटावर बोट चढवून हात वर धरायचा.
बोलायचं नाही, टीचर मान हलवतात, जायचं.

शनिवारी मी बहिणीशी फोनवर होते.
बाहेर मका वाळायला लागलेला, ती तिकडचं ऊन विचारत होती.
ऋजुता समोर येऊन उभी,
हात सरळ वर, बोटावर बोट,
तोंडातून शब्द नाही.
मला कळेना. नवस बोलतेय?
कसली शपथ?
शिस्तीत वाट पाहत राहिली ती,
एका पायावरून दुसऱ्या पायावर.
मी वेड्यासारखी तिच्या पायांकडे पाहिलं.
अनवाणी होती.

मग तिनं हात खाली घेतला,
माझा कान ओढून तोंडाशी नेला,
"अगं, शू."