मंगळवार, शुक्रवार

दोन लाख ऐंशी हजारांवर मीटर मेला.
तेव्हापासून मीच मीटर.
कप्प्यात शाळेची एक वही :
अडावद ते जळगाव, जाऊन येऊन ऐंशी,
मंगळवारी ऐंशी, शुक्रवारी ऐंशी,
मधले दिवस लग्नाचे, मयतीचे, चोपड्याच्या बाजाराचे.
परवा बेरीज केली,
चार लाख बारा हजार.
मेहुणे म्हणतात, भंगारात पस्तीस येतील, दे टाकून.

पहाटे पाचला बॉनेट उघडतो.
दांडी काढतो, पुसतो, घालतो, पुन्हा काढतो.
डिझेलचं ऑइल काळंच दिसणार,
रंगावर जाऊ नको, लतीफ पिंजारी सांगतो,
दोन बोटांत चोळ,
कचकच लागली तर समज.

मग फिल्टरखालचा स्क्रू, अर्धा आटा.
आधी पाणी येतं, गढूळ, थेंब थेंब वाटीत,
मग डिझेल.
पाणी जाईपर्यंत बसून राहायचं.
(वाटी आमच्या स्वयंपाकघरातली.
बायको अजून शोधते.)

लतीफ लांब पेचकसाचं टोक इंजेक्टरवर ठेवतो,
मूठ कानाला, डोळे मिटलेले.
"आयक पहिले. पाना मंग."
चारातला तिसरा जरा उशिरा बोलतो.
मला काहीच ऐकू यायचं नाही. आता येतं.
फक्त टायमिंग बेल्ट बोलत नाही.
तो तुटल्यावरच कळतो,
म्हणून साठ हजारांना बदलायचा,
नवाकोरा दिसत असला तरी.

मागच्या सीटवर सुपडूअण्णा बडगुजर.
डाव्या हातावर फुगलेली शीर,
तिथूनच सुया आत जातात, चार तास,
रक्त बाहेर येऊन, गाळून, परत.
सिग्नलला थांबलो की हात पुढे करतात :
"लाव हात. चालू शे ना?"
बोटांखाली मधमाशी गुणगुणते.
चालू आहे, अण्णा.
"मी बी खोकस, तुनी गाडी बी खोकस.
कोन पहिले बंद पडस, देखूत."

धानोऱ्याला शेवंती पावरा चढते.
सव्वीस वर्षांची. सातपुड्याच्या पायथ्यापासून
एसटीने, मग पायी, मग आमच्यात.
तिला दिवसाला अर्धा लीटर पाणी,
चहा, डाळीचं पातळ, गोळीबरोबरचा घोट धरून.
वर एक घोट नाही.

मागचा मे. पंचेचाळीस.
केळीची पानंसुद्धा कडेने भाजलेली.
विदगावच्या पुलाआधी काटा लाल,
गाडी बाजूला घेतली, थंड होऊ दिली,
फडकं धरून झाकण फिरवलं,
आणि कॅनमधून ओतत राहिलो,
एक लीटर, दोन,
पाणी आत उतरताना घटाघट आवाज करतं,
हे मला तोवर माहीत नव्हतं.

वर पाहिलं तर शेवंती
काचेतून बघत होती.
माझ्याकडे नाही.
कॅनकडे.

त्याच आठवड्यात होज, थर्मोस्टॅट, पाण्याचा पंप,
रेडिएटर उतरवून रॉडिंग.
लतीफ म्हणाला, येडा झाला का,
होज अजून वर्ष काढती.
मी कारण सांगितलं नाही.
पैसे तीन हप्त्यांत दिले.

आता कॅन डिकीत, गोणपाटाखाली.
पुलावर काटा मध्याच्या जरा खाली उभा राहतो,
खाली तापीचं उरलंसुरलं पाणी,
तिकडे आम्ही कोणीच बघत नाही.
अण्णा झोपलेले असतात,
शेवंती भावाच्या जुन्या फोनवर
रोडालीची गाणी लावते,
आणि चौथ्या गिअरमध्ये इंजिन
खालून ठेका धरतं.

रात्री वहीत लिहितो :
शुक्रवार. ऐंशी.
पाणी घातलं नाही.
उजवा मागचा बुश वाजतोय,
सोमवारी लतीफकडे.