पाय पोचत नाहीत

फेरारात सायकल भाड्याने शोधावी लागली नाही.
ती घरातच होती, जिन्याखाली, छत्र्यांच्या शेजारी.
दिर्चेबाईंनी कुलूप काढून दिली ती नवऱ्याची:
काळी, जड, साखळीवर पत्र्याचं झाकण.
"लेआर्को सहा फुटी होता," म्हणाल्या.
"सीट खाली करू नकोस."
कारण विचारायची सोय नव्हती,
त्या कांदा चिरायला वळल्याही होत्या.

तर माझे पाय जमिनीला पोचत नाहीत.
थांबायचं म्हणजे काहीतरी धरायचं.
असं हे गाव मी तळहातानं पाहिलं:
विटा लाल, सकाळी गारढोण,
दुपारी चारला, तव्यावरून उतरून बराच वेळ झालेल्या
भाकरीइतक्या कोमट.
एका महालाचे सगळे दगड टोकदार कापलेत,
हिऱ्यासारखे म्हणतात, मला तर फणस वाटला.
तिथे टेकले, आणि खांद्यावर आठ दिवस वण मिरवला.

कमानींच्या बोळात गोटे, नदीतले, गोल.
माझे दात दातांवर आपटतात.
सत्तरीच्या बायका मात्र एका हाताने हँडल,
दुसऱ्यात फोन, टोपलीत पाव आणि एक रागीट कुत्रं,
ठिपक्यांमधून रांगोळीची रेघ जावी तशा निघून जातात.
"खाली नको बघूस! गोटे मोजशील तर पडशील,"
कुणीतरी ओरडलं.
मासेवाला असावा, बुटांवर खवले होते.

एका भिंतीवर हात ठेवला. गुळगुळीत दगड.
उचलला तर खाली नावं,
आधी आडनाव, मग माणूस.
एकाच आडनावाची सहा माणसं.
नेलेली. न परतलेली.
हात कुठे ठेवावा ते मग कळेना.
उतरले, म्हणजे उडीच मारली,
आणि ती गल्ली चालत संपवली.

आणखी एक. सायकल डावीकडे ओढते.
तटावरच्या रस्त्याला, झाडांखाली,
म्हातारे पाठीमागे हात बांधून चालतात तिथे,
हँडल जरा सैल सोडलं की हटकून डावीकडे,
बैल गोठ्याकडे वळतो तशी.
गुरुवारी मी वळू दिली.
उतार, तीन गल्ल्या, एक शाळा,
मग हिरवं दार. बंद.
घंटीखाली नाव: ओदिला झागात्ती.
तिथे ओढणं थांबलं,
किंवा रस्ताच संपला.

रात्री जेवायला लाल भोपळ्याचं सारण भरलेले,
कडा चिमटून बंद केलेले, मोदकांचे लांबचे भाऊ.
दिर्चेबाईंनी विचारलं, "डावीकडे ओढते ना?"
"हो."
"पुढचा चिमटा वाकलाय. सत्त्याऐंशी साली पडला होता.
असं तो सांगायचा."
किसणीवर चीज फिरत राहिलं,
माझ्या ताटलीत नको इतकं.

शेवटच्या दिवशी धुकं.
पो नदीकडून आलं आणि किल्ल्याचा खंदक, पूल, बुरूज
एकेक करून आत नेले,
संध्याकाळी अंगणातली भांडी न्यावीत तसे.
जिन्याखाली पाना आपटला.
दिर्चेबाई गुडघ्यांवर, बोल्टशी झटत.
गावच्या बोलीत एक शब्द हासडला,
मला ती बोली येत नाही, पण शिवी कळतेच.
सीट खाली आली. अजून खाली.
माझ्या उंचीपेक्षाही चार बोटं खाली.
मला वाटलं, बाईंचं माप चुकलं.

त्यांनी कोट चढवला, गळ्यापर्यंत बटणं लावली,
बसून पाहिलं:
दोन्ही पाय जमिनीवर, सपाट.
"तू ये चालत," म्हणाल्या. "तुझी गाडी दुपारची आहे."

तीन पायडलांत दिसेनाशा झाल्या.
मागच्या मडगार्डचा खडखडाट तेवढा उरला,
मी त्याच्या मागे मागे, हात खिशात,
कशालाही न धरता.
कोपरा आला.
खडखडाट जरा अडखळला,
आणि उजवीकडे वळला.