अफगाण चर्च, नववी ब

पुस्तकात हे युद्ध दीड ओळीत संपतं.
म्हणून वर्ग घेऊन आले कुलाब्याला,
नेव्हीनगरच्या फाटकाअलीकडे,
एकोणचाळीस पोरं
आणि सही-शिक्क्याचा कागद : शैक्षणिक भेट.

दाराशी सवयीनं सगळ्यांनी चपला काढल्या.
'राहू द्या,' सॅम्युएलकाका म्हणाले,
'इथं बूट घालूनच यायचे सगळे.'

आत संगमरवर. नावं इंग्रजीत.
कॅप्टन, लेफ्टनंट, परत कॅप्टन.
शर्वरी तांडेल बोट फिरवत वाचत गेली, थांबली.
'बाई, आपलं कुणीच नाही?'

आहेत, म्हटलं. त्या ओळीत.
साधे शिपाई इतके मेले
की त्यांची नावं लिहिणं शक्य झालं नाही, असं लिहिलंय.
'हजेरीपटात मावली असती,'
मागून कुणीतरी पुटपुटलं.

पण 'आपलं' या शब्दापाशी मीच अडखळले.
कोकणातून, घाटावरून निघून
बोलन खिंड ओलांडून
हे आपले कुणाच्या दारात जाऊन उभे राहिले होते?
तिकडच्या एखाद्या बाई
त्यांच्या नववीला काय सांगत असतील यांच्याबद्दल,
वर्ग भरत असेल तर?
हे मोठ्यानं विचारलं नाही.
विचारायला हवं होतं.

'पगार किती मिळायचा?' प्रणित कासारे.
महिना सात रुपये.
तो गप्प झाला.
त्याचा भाऊ पहाटे कूपरेजच्या कडेनं धावतो,
चार वर्षांच्या भरतीसाठी,
छातीचं माप रोज कॅलेंडरवर लिहितो.

बाकांना खाचा आहेत,
प्रार्थनेच्या वेळी बंदूक हाताशी असावी म्हणून.
प्रणितनं एका खाचेत फूटपट्टी उभी करून पाहिली.
बरोब्बर बसली.
आधी कुणी हसलं नाही,
मग सगळेच एकदम हसले, आणि आवाज
छतापर्यंत जाऊन खाली आला.

निबंध दिला : मी पाहिलेले स्मारक.
अडतीस वह्यांत वीरांना वंदन,
त्यातल्या बाविसांत एकाच गाईडमधलं.
प्रणितच्या वहीत तीन ओळी :
'हे स्मारक कोनाचे आहे ते मला समजले नाही.
बाईंनाही समजले नसावे.
माझी फूटपट्टी तिथेच राहिली.'

'कोनाचे'मधला न खोडून ण केला.
गुणांच्या चौकटीवर
लाल पेन अजून धरून बसलेय.