वरचे दिवस

तारीख होती सहा फेब्रुवारी.
आज सतरा.

तावेत पहाटे समुद्रावर जातो,
बर्फाला भोक पाडतो, पट्टी बुडवतो,
घरी येऊन वहीत लिहितो: एकवीस सेंटिमीटर.
बावीस झाले की बर्फावरचा रस्ता उघडेल.
बोट रविवारपासून अडकलेली.
"उद्या होतील?"
"बर्फाला उद्या कळत नाही," तो म्हणतो
आणि माझ्या पोटाकडे बघायचं टाळतो.

टॅलिनहून डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या,
गुरुवारी या, कळा सुरू करून देऊ.
जणू मी थंडीत गोठलेला ट्रॅक्टर,
फक्त हँडल मारायचं राहिलंय.
मग जरा थांबून: अजून दोन-तीन दिवस वाट पाहिलीत तरी चालेल.
पण वारेचं काही सांगता येत नाही.
धोका किती, मी विचारलं.
हजारात एखादा.

आमच्या बेटावर माणसंच नऊशे.

रास्पबेरीच्या पाल्याचा काढा पिऊन झाला.
फरशी दोनदा घासली, गुडघ्यांवर बसून.
शेजारची व्हिर्वे म्हणाली, शिडी चढ,
तर तीही चढले, माळ्यावर,
आणि तिथे बसून जुन्या जाळ्यांच्या वासात
उगाच रडले.

सासूबाई अकरा दिवस एकच सांगतात,
फळ पिकलं की देठ आपण होऊन सोडतं.
काल बटाटे सोलताना,
मान वर न करता,
"तावेतच्या आधी एक होता.
त्यालाही पिकू दिलं मी."

साल न तुटता लांब होत गेली,
बादलीत पडली.
त्यांनी दुसरा बटाटा घेतला.
मी काही विचारलं नाही.
नाव ठेवलं होतं का, एवढंसुद्धा नाही.

रात्री समुद्र कण्हतो.
जाड होताना बर्फ असाच आवाज करतो, तावेत म्हणतो,
पातळ होताना म्हणे गप्प असतो.
मी डाव्या कुशीवर. मोजतेय.
तासाभरात नऊ लाथा.
काल अकरा होत्या,
की काल मी जास्त जागी होते?

तुला न विचारता
तुझ्याबद्दल पहिलंच काहीतरी ठरवतेय मी.
तू आपण होऊन यावंस असं वाटत होतं,
दार वाजवून, पाहुण्यासारखं.
पण ह्या घरात एकजण दाराशीच राहिला
आणि आत सगळे म्हणत होते,
येईल, येईल.

पहाटे तावेतला हलवून उठवलं.
बावीस भरले की मला सांग,
मी म्हटलं. गुरुवार असो नसो.
वाटेत यायचं असलं त्याला, तर वाटेत येईल.

तो बूट शोधत नियम सांगू लागला:
बर्फावर गाडी थांबवायची नाही.
दारं घट्ट लावायची नाहीत.
पट्टा बांधायचा नाही, वेळ आली तर उडी मारता यावी.

पट्टा तसाही
आता माझ्यावर बसत नाही.