पाणी कुठे मुरतं

अल्लापूलच्या धक्क्यावर, मासळीच्या कोठारावर
दोन खोल्या: एल्स्पेथ गन, गोल्फ कोर्स आखून मिळतील.
मी तिचे नकाशे काढतो. अकरा वर्षं झाली.
गिऱ्हाईक जिना चढतं नाक धरून
आणि खुर्चीत टेकायच्या आधी आल्बम ओढतं.

आल्बम मीच लावलाय.
बोटं कुठे थांबतात, मला पाठ आहे.
पान तीन: उतरतं ऊन, मागे समुद्र,
ग्रीनवर झेंड्याची सावली, पार बंकरपर्यंत.
इथे सगळे थांबतात.
त्या सावलीसाठी आमचा फोटोवाला
चार रात्री गाडीत झोपला होता, हे कुणी विचारत नाही.

मग विचारतात, स्पर्धा कुठल्या झाल्या,
नावाजलेलं कोण खेळून गेलं.
मग बक्षिसं.
मग घसा खाकरून, खिडकीबाहेर बघत,
पैसे.

पोर्तुगालहून एक बाई आल्या होत्या,
त्यांना फक्त एल्स्पेथचा फोटो हवा होता.
म्हणाल्या, चेहऱ्यावरून कळतं
माणूस झाडं तोडणारं आहे का.
आमच्याकडे होता तो पाठमोरा:
खड्ड्यात गुडघे टेकून ती ढेकूळ हुंगतेय.
बाईंनी तो बराच वेळ पाहिला.
पुन्हा फोन नाही.

मार्चात लुइस बेटावरून तिघं आले,
नऊ होलांच्या क्लबाची समिती,
परतीची बोट गाठायची म्हणून कोट न काढता बसलेली.
खजिनदार मर्डो, धंद्याने खाटीक,
पानं उलटायचा ती सुद्धा तोलून.
इश्बेल मॅकऑले, निवृत्त शाळामास्तरीण, तिने विचारलं,
“रविवारी न खेळणाऱ्यांसाठी कधी कोर्स काढलंय?
आमच्याकडे शनिवारी रात्री झेंडेसुद्धा उतरवतात.”
एल्स्पेथ म्हणाली, “नाही. पण गवताला बरं.”
इश्बेलने ते वहीत टिपलं.

आणि टॉर्मोड. गवत राखणारा.
मांडीवर टोपी, टोपीवर हात,
पान तीन आलं तेव्हा त्याने नुसती मान हलवली,
दुसऱ्याच्या नातवाचं कौतुक ऐकावं तशी.
“नोव्हेंबरातला आहे का एखादा?” त्याने विचारलं.
मर्डोने त्याच्याकडे पाहिलं.
“पाणी कुठे मुरतं ते बघायचं होतं.
आणि मुरत नाही, ते कुठे.”

मी वर बघितलं नाही.
खालचा खण अडकतो, तो ओढल्याचा आवाज आला.
मला माहीत होतं त्यात काय आहे:
अकरावा होल, नेर्नजवळचा,
पाण्याखाली अख्खं ग्रीन, झेंडा अर्धा,
आणि मधोमध बदकं. सात.
उतार दोन इंचांनी चुकला होता.
रेघ माझी होती.

“ही माझी चूक,” एल्स्पेथ म्हणाली.
“दोन वर्षं निस्तरली.”
माझी पेन्सिल कागदावर होती तिथेच राहिली.
टॉर्मोडने फोटो उजेडाकडे धरला.
“बदकं छान आहेत,” म्हणाला.
मग भोंगा झाला आणि ते तिघं जिना उतरले,
मर्डो सगळ्यात पुढे.

तीन आठवड्यांनी पत्र: समितीचे आभार,
काम एडिनबराच्या मंडळींकडे जातंय,
त्यांच्या समुद्राचे फोटो फार सुरेख होते.

त्याच टपालात एक डबा.
आत जॅमची बाटली, बाटलीत वाळू,
झाकणावर पेन्सिलीने:
सातवा होल, चार फूट खाली.
बाकी अक्षर नाही.
एल्स्पेथने बोट ओलं करून वाळूला लावलं,
बोट जिभेवर ठेवलं,
आणि माझा पांढरा कागद ओढून
बेटाला लिहायला बसली. बिल नाही लावलं.

त्या संध्याकाळी, ती गेल्यावर,
मी आल्बम उघडला,
पान तीन आणि चारच्या मध्ये बदकं लावली.
खाली लिहिलं: रेघ, आणि माझं नाव.

परवा एक गिऱ्हाईक तिथे थांबलं.
हसलं.
पान उलटलं.