काणो

वेंगुर्ल्यात मच्छी मार्केटच्या मागे
बस्त्यांवच्या पार्लरात तीन मशिनं.
मधलं माझं.
मालकीचं नव्हे,
पण मी नाणं टाकलं की रांगेतली पोरं
आपापली नाणी परत खिशात घालायची.

खेळाचं नाव परक्या लिपीत. कुणी वाचलं नाही.
माझ्या गड्याला आम्ही काणो म्हणायचो.
एका डोळ्यावर काळी पट्टी.
इकडे वळला की पट्टी या डोळ्यावर,
तिकडे वळला की त्या.
चार वर्षांत हे एकदाही खटकलं नाही.

जग तेव्हा दोरीएवढं रुंद होतं.
पुढे, मागे, उडी, वाकणं.
पाठीमागे दशावतारी पडद्यासारखा
रंगवलेला डोंगर.
त्यात कुणी कधी गेलं नाही.

मग म्हापशाहून टेम्पोने, गोणपाटात गुंडाळून,
भाग तिसरा आला.
काणो जांभ्याच्या चिऱ्यातून तासल्यासारखा,
नाक चौकोनी, बोटं एकमेकांना चिकटलेली.
"हेच्या तोंडार गिलावो करूचो रवलो,"
बस्त्यांव म्हणाला. सगळे हसले.
मी नाही.

समोर सुरंगी केळुसकर.
लिलावाहून थेट आलेली,
कोपरापर्यंत बर्फाचा ओला भुसा.
दोन वर्षं ती नुसती बघत उभी असायची.
त्या दिवशी तिच्याकडे नाणं होतं.

मी माझा ठरलेला ठोसा मारला,
ज्याच्या पुढे कुणी टिकलं नव्हतं.
तो गेला बरोबर तिथे, जिथे ती होती.
ती नव्हती.
पुढे नाही, मागे नाही.
आत.
एक पाऊल डोंगराच्या दिशेने.

"बाजूक सराचा रे," पडद्यावरची नजर न काढता म्हणाली,
"लाट काय छातयेर घेतंस?"

तेवढ्यात सगळं चित्रच फिरलं
आणि काणो मला पाठमोरा दिसला.
पहिल्यांदा.
सदऱ्यावर, खांद्याच्या खाली, एक ठिगळ होतं.
कुणीतरी बसून काढलेलं.
आणि पट्टी आता कायमची डाव्या डोळ्यावर.
सुरंगी त्याच अंगाने आली.

सात रुपये गेले.
संध्याकाळी बंदरावर बसलो.
होड्या नेहमीसारख्या एका ओळीत,
पाटीवर खडूने ओढाव्यात तशा.
मग त्यातली एक
दुसरीच्या मागून निघून गेली.

जुनं मशीन बस्त्यांवने शिरोड्याला विकलं.
मी सायकलीने दोनदा जाऊन आलो.
तिथली पोरं अजून समोरासमोर लढत होती,
काणो अजून वळेल तसा डोळा बदलत होता.
दोन्ही वेळा जिंकलो.
दुसऱ्यांदा डाव अर्धा टाकून उठलो.
बोटं सारखी
तिथे नसलेलं बटण चाचपत होती.